दुरुस्तीनंतर बिघडलेला कॅमेरा व एनलार्जरचे भिंग: तक्रार आणि परताव्याची मागणी

दि. १८ नोव्हेंबर २०२४

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग (कॅमेरा व भिंग दुरुस्ती)

विषय: सदोष सर्व्हिसिंग, आणि न केलेल्या चाचणीचा जॉब कार्डवरील शेरा

महोदय,

मे महिन्यात मी तुमच्याकडे दोन वस्तू पाठवल्या. एक याशिका मॅट १२४ जी हा ट्विन लेन्स कॅमेरा, आणि दुसरे एनलार्जरचे, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो छापायच्या यंत्राचे, एल-निक्कॉर ८० मिमी एफ ५.६ भिंग. दोन्ही माझ्या वडिलांच्या चिपळूणच्या स्टुडिओतल्या. सोबतच्या चिठ्ठीत तक्रार स्पष्ट लिहिली होती: कॅमेऱ्याच्या वरच्या, म्हणजे फक्त पाहण्याच्या भिंगात बुरशी, एनलार्जरच्या भिंगातही कडेने थोडी बुरशी, आणि एक सेकंदाला शटर जरासे रेंगाळते. फोटो घेणारे खालचे भिंग स्वच्छ होते. फोकस अचूक होता. मार्चमध्येच त्यावर दोन रोल काढले होते, त्या निगेटिव्ह माझ्याकडे आहेत.

कोकणात भिंगाला बुरशी धरते यात नवल नाही. म्हणूनच आम्ही कपाटात दिवा लावून आणि सिलिका जेलच्या पुड्या बदलत ही जोडी इतकी वर्षे जपली. २२ जुलै २०२१ च्या पुरात खालचा सगळा स्टुडिओ गेला, हे माळ्यावर होते म्हणून वाचले. तुमच्या टेबलावरून मात्र ते धड परत आले नाही.

ऑगस्टमध्ये पार्सल आले. कार्डवर ‘साफसफाई, शटर सर्व्हिस, मीटर ओके, चाचणी करून दिले’ असा शिक्का आणि सही. मी ९,८५० रुपये भरले होते, कुरिअरसकट.

पहिला रोल आईवर काढला. ओटीवर बसून ती सुपात तांदूळ निवडत होती. दोन मीटरवरून, एफ ३.५ वर (भिंगाचे तोंड पूर्ण उघडे), वरच्या काचेत डोळ्यांवर फोकस लावला. रोल धुतला तर बाराच्या बारा फ्रेममध्ये डोळे धूसर, आणि सुपातले तांदूळ मोजून घ्यावेत इतके स्वच्छ. हात हलला असे म्हणावे तर तांदूळही हलले असते.

मग मी तपासणी केली. तुम्ही ती केल्याचे लिहून दिले आहे, म्हणून सविस्तर सांगतो. कॅमेऱ्याचे मागचे दार उघडले, फिल्म जिथे बसते त्या पट्ट्यांवर दुधी काचेचा तुकडा खरखरीत बाजू भिंगाकडे करून ठेवला, शटर बी वर (दाबून धरेपर्यंत उघडे राहते ती खूण) ठेवून केबल रिलीजने उघडे अडकवले आणि लांबचा मोबाइल टॉवर पाहिला. फोकसचे बटण अनंतावर असताना खालच्या भिंगातून टॉवर अगदी शार्प. वरच्या भिंगातून मात्र तोच टॉवर शार्प व्हायला बटण दहा मीटरच्या खुणेच्या दिशेने आणावे लागते. जमिनीवर टेप पसरून पुन्हा पाहिले: वर दोन मीटरचा आकडा स्पष्ट, तर मागच्या काचेवर पावणेदोनचा. आईचे डोळे आणि तिच्या पुढ्यातले सूप यांत साधारण तेवढेच अंतर होते.

कारण उघड आहे. बुरशी काढायला वरचे भिंग उलगडले, आटे पुन्हा पिळून बसवले, पण खालच्या भिंगाशी जुळवले नाही. हे जुळवणे म्हणजे ट्विन लेन्स कॅमेऱ्याच्या दुरुस्तीतले शेवटचे काम. एक भिंग पाहते आणि दुसरे फोटो घेते, तेव्हा दोघांचे एकमत नसेल तर कॅमेऱ्याचा उपयोग काय? या तपासणीला मला वीस मिनिटे लागली, आणि मी व्यवसायाने बँकेतला निवृत्त कारकून आहे.

शटरचे दुखणे तर वाढले. आधी एक सेकंद किंचित लांबायचा. तुमच्याकडून आल्यावर पहिले काही दिवस ठीक होता, तीन आठवड्यांनी दीड सेकंदाच्या पुढे गेला (मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून दोन खटक्यांमधले अंतर मोजले). उजेडाकडे धरून पाहिले तर पात्यांवर तेलाचे इंद्रधनुष्य. अशा लीफ शटरची, म्हणजे भिंगातच पात्यांनी उघडमीट होणाऱ्या शटरची, पाती कोरडी ठेवायची असतात. तेल लागलेच तर मागच्या दातेरी चाकांना, तेही सुईच्या टोकाएवढे. पात्यांवर तेल आले की ती एकमेकांना चिकटतात. शिवाय पुढचे कातडे सोलून परत चिकटवताना तिरके बसवले आहे, ते मी सोडून देतो.

‘मीटर ओके’ बद्दल एवढेच. कॅमेऱ्यातल्या या उजेड मोजणाऱ्या मीटरला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, आता तो मिळत नाही. मी श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल रबरी कडे घालून वापरत होतो. तो काढून तुम्ही साधा दीड व्होल्टचा अल्कलाइन घातला. त्याने मीटर उजेड आहे त्याहून जास्त दाखवते आणि निगेटिव्ह पातळ, म्हणजे फिकट, येतात. माझा सेल परत आलेला नाही.

आता एनलार्जरचे भिंग. याचे मला सर्वांत वाईट वाटते. बाबांनी त्यावर वर्षानुवर्षे लग्नांचे फोटो मोठे केले. १९८४ सालची एक निगेटिव्ह मी पुन्हा एनलार्जरला लावली, त्याच कागदाच्या आकारात. बाबांच्या प्रिंटमध्ये मांडवाच्या कोपऱ्यातली आंब्याची पाने दिसतात. आजच्या प्रिंटमध्ये, एफ ११ पर्यंत बंद करूनही, मधोमध नवरी शार्प आणि चारही कोपरे पुसलेले. ग्रेन फोकसरने (कागदावरचा फोकस मोठा करून दाखवणाऱ्या भिंगाने) पाहिले तर मध्य आणि कोपरा एकाच वेळी जुळत नाहीत. एनलार्जर तोच, पातळीत आहे. उघडलेले एखादे भिंग परत उलटे बसवले असावे, असा माझा अंदाज आहे.

हे फोनवर सांगितले तेव्हा तुमच्या प्रतिनिधीने सुचवले, ‘सर, तोपर्यंत ५० मिमीचे भिंग लावा.’ ५० मिमी हे पस्तीस मिमीच्या लहान फिल्मसाठी. माझ्या सहा बाय सहा सेंटीमीटरच्या निगेटिव्हला ते लावले तर कोपरे धूसर नव्हे, थेट अंधारात जातात. त्या मुलीचा दोष नाही, तिला कोणी शिकवले नसेल. पण तिच्या मागे कोणी जाणकार माणूस बसला आहे की नाही, ही शंका तिथे आली.

माझ्या तीन ईमेलना मिळालेली उत्तरे: ‘वस्तू जुनी आहे’, ‘वस्तू जुनी आहे’, आणि पुढच्या सर्व्हिसिंगवर दहा टक्के सूट. वस्तू जुनी आहे हे मला ठाऊक होते, म्हणूनच ती दुरुस्तीला दिली. जमले नसते आणि तसे सांगितले असते तर मी उघडण्याची मजुरी देऊन गप्प बसलो असतो. मी भांडतो आहे ते त्या ‘चाचणी करून दिले’ या शिक्क्याबद्दल.

माझ्या मागण्या अशा. पूर्ण ९,८५० रुपये परत करावेत. चाचणी कोणी, कोणत्या तारखेला आणि कशी केली हे लेखी कळवावे. दोन्ही वस्तू मी निवडलेल्या कारागिराकडून जुळवून घेण्याचा खर्च तुम्ही द्यावा. वस्तू पुन्हा तुमच्याकडे पाठवणार नाही, कृपया त्यासाठी पिकअप पाठवू नये. सप्टेंबरमध्ये एकदा तुमचा माणूस दारात येऊन उभा राहिला होता.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल रत्नागिरी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करीन. कागदपत्रे तयार आहेत.

कळावे,
आपला ग्राहक
(नाव व पत्ता जॉब कार्डवर आहे)

सोबत: जॉब कार्ड व पावतीची प्रत; मार्च आणि ऑगस्टच्या निगेटिव्हचे स्कॅन; १९८४ च्या आणि आजच्या प्रिंटचे फोटो; शटरच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण. मूळ निगेटिव्ह पाठवत नाही, त्या माझ्याकडेच राहतील.