वाड्याला हात लावलेल्या सगळ्यांना

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटक उभं केलं. त्याच जिल्ह्यातल्या आमच्या हौशी नाट्यसंस्थेला आता हक्काचं घर मिळालंय, गावातला पडका वाडा. तो आज उभा आहे तो तुमच्यामुळे.

पहिला नमस्कार चुन्याचं काम जाणणाऱ्या गवंडीकाकांना. सिमेंटचा गिलावा करून मोकळे व्हा, असं सांगणारे पुष्कळ होते. जुनी भिंत ओल धरते, सिमेंट ती बाहेर पडू देत नाही आणि आतली वीट भुसभुशीत होते, हे काकांनी वीट हातात चुरून दाखवलं. मग कळीचा चुना भिजवून मुरवला, वाळूसोबत चुन्याच्या घाण्यात मळला, गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घातलं. आमच्या पोरांच्या हातात थापी दिली, चुकलेला थर न रागावता खरवडून पुन्हा करवून घेतला. मजुरी अर्धीच घेतली. पाटीवर नाव नको म्हणाले, म्हणून इथेही लिहीत नाही. अशी माणसं आहेत तोवर जुन्या वास्तू वाचतील, असं मला मनापासून वाटतं.

वाळवी लागलेल्या तुळया बदलणारे सुतार, भाडं न घेणारा टेम्पोवाला, रोज दुपारी पिठलं-भाकरी पाठवणाऱ्या गल्लीतल्या काकू, तुमचे सगळ्यांचे आभार.

आणि रात्रीतून दारात मंगलोरी कौलं रचून गेलेले तुम्ही! ती रंगमंचावरच्या छपरावर चढली आहेत. पहिल्या प्रयोगाला नक्की या, पुढच्या रांगेत बसा.