फोर्कलिफ्ट चालकांनो, रविवारच्या प्रशिक्षणाला या

अंबड, सातपूर, सिन्नरच्या गोदामांत फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या सर्व सभासदांनी येत्या रविवारी सकाळी ९ वाजता प्रशिक्षणाला हजर राहावे. कारचे लायसन्स आहे म्हणजे झाले, असे समजू नका. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांवर वळते. वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि शेजारी उभा माथाडी रॅकला चेपला जाऊ शकतो. हे मैदानात प्रत्यक्ष करून दाखवू. माल भरलेली गाडी उतारावर रिव्हर्सनेच उतरवायची. बसून चालवायची गाडी कलंडलीच तर उडी मारू नका! पट्टा लावलेला असू द्या, स्टिअरिंग घट्ट धरा, पडत्या बाजूच्या उलट झुका. सेफ्टी शूज हवेतच. रात्रपाळीवाल्यांनी आधी कळवा, झोप न घेता येऊ नका. तुमची वेगळी बॅच लावू.