पांढरी एक

चि. मृण्मयी हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले शूबर्टच्या ‘गुटे नाख्ट’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण मिळाले आणि तेव्हापासून घरात दुसरे काही वाजलेले नाही. गळ्याविषयी पत्रात एक अक्षरही लिहायचे नाही, असे आईने मला बजावले आहे आणि मी ते मान्यही केले आहे, तेव्हा केवळ गाण्याविषयी लिहितो.

आधी लय. शूबर्टने हस्तलिखितात ‘मध्यम, चालण्याच्या गतीने’ असे लिहिले होते आणि छापील प्रतीत चालण्याचा उल्लेख जाऊन नुसते ‘मध्यम’ उरले, हे तूच मला मागे कळवले होतेस. शब्द गेला तरी चाल गेलेली नाही, कारण पियानोवर सारख्या अंतराने पडणारे ते स्वर पहिल्यापासून शेवटपर्यंत थांबतच नाहीत. परका म्हणून आलेला माणूस परका म्हणूनच रात्री गावाबाहेर पडतो आहे, आणि पाय थांबले तर तो माघारी फिरेल, अशी त्या पियानोला जणू भीती वाटते. तुझी लय नेहमीपेक्षा संथ आहे. पहिल्या दोन कडव्यांत ती मला फार आवडली. तिसऱ्या कडव्यात मात्र तो चिडलेला आहे, कुत्र्यांना खुशाल भुंकू दे म्हणतो, आणि नेमके तिथे ओळ संपताना तू श्वासासाठी थांबलीस व साथीदाराने तुझ्यासाठी जागा केली. आयुष्यभर पेटीच्या साथीला बसलेल्या माणसाच्या कानांतून हे सुटत नाही. गवयाचा दम संपला की आम्हीही असेच सांभाळून घेत आलो. संथ लयीत दम कमी नव्हे, जास्तच लागतो, म्हणजे दम नसता तर तिने ही लय घेतलीच नसती, असे मी आईला समजावून सांगितले. ‘तुमचे तुम्हाला तरी पटते का?’ असे म्हणून ती आत गेली.

आता पट्टीविषयी. मूळ गाणे डी मायनरमध्ये, म्हणजे आपल्या पेटीच्या पांढरी दोन पट्टीत आहे. मी पेटी काढून ताडून पाहिले, तर तुझा सा पांढरी एकवर, म्हणजे एक स्वर खाली आला. यात वावगे काहीच नाही, हे मला ठाऊक आहे. हे ज्या मालिकेतले पहिले गाणे, त्या ‘विंटररायझे’ची चोवीस गाणी 1827 साली लिहून झाली आणि छापली जाईपर्यंत त्यांतल्या पाच गाण्यांच्या पट्ट्या मुळातल्यापेक्षा खाली आल्या, शेवटचे ‘लायरमान’सुद्धा बी मायनरमधून ए मायनरमध्ये उतरले. खर्जातल्या आवाजाच्या हान्स हॉटरने पियानोवादक जेराल्ड मूरबरोबर 1954 साली केलेले ध्वनिमुद्रण तर कितीतरी खालच्या पट्टीत आहे आणि तिथे गाणे जणू जमिनीखालून ऐकू येते. क्रिस्टा लुडविग आणि ब्रिगिटे फासबेंडर या गायिकांनीही आपापल्या गळ्याला मानवेल अशीच पट्टी घेतली. पण त्या मेझो, म्हणजे मधल्या पट्टीच्या आवाजाच्या होत्या. तू सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच आवाजाची आहेस, निदान गेल्या पावसाळ्यापर्यंत होतीस. या गाण्याचा पहिलाच स्वर वरचा गंधार आहे, आवाज तापायच्या आत तो लावावा लागतो आणि मग ओळ खाली उतरते. तो गंधार तू टाळलास, की तुला तो टाळायला सांगितले गेले?

पाहा, आलोच मी पुन्हा तिथे. आलोच आहे तर सांगून टाकतो: थंडीत रस्त्यावर बोलत चालू नकोस, आवाज बसला असेल तर कुजबुजूही नकोस, कारण त्याने गळ्याला आरामाऐवजी ताणच पडतो, आणि तालमीच्या दिवशी रात्री उशिरा जेवू नकोस. हे सगळे तुला तिथले शिक्षक माझ्यापेक्षा चांगले सांगत असतील. राग मानू नकोस, पुढे जातो.

चौथ्या कडव्याबद्दल काय लिहू? सा तोच राहतो, कोमल गंधार शुद्ध होतो, आणि झोपलेल्या मुलीची झोप मोडू नये म्हणून तो माणूस हळूच दार लावून घेतो. आपल्याकडच्या दोन गंधारांच्या रागांशी मी याची तुलना करणार नाही, तो आपला जुना वाद आहे आणि नलूआत्याशिवाय तो मिटायचा नाही. पण इतका हलका आणि इतका नेमका शुद्ध गंधार मी तुझ्याकडून याआधी ऐकलेला नव्हता. चौथीत असताना गणपतीपुढे सगळ्यांच्या देखत तू मला म्हणाली होतीस, ‘बाबा, तुमचा गंधार उतरलाय’, आणि अण्णांनी हसता हसता टाळ खाली ठेवले होते. त्या दिवसापासून तुझ्या कानावर माझा माझ्या कानापेक्षा अधिक विश्वास आहे. शेवटच्या ओळीची पुनरावृत्ती होताना गंधार पुन्हा कोमल होतो, तिथे तू आवाज अजिबात वाढवला नाहीस. ती जाण तुझी स्वतःची आहे, कोणाकडून उचललेली नाही, हे ऐकणाऱ्याला कळते.

फक्त एका गोष्टीवर मी तुझ्याशी सहमत नाही. शेवटच्या आजारपणातही शूबर्ट या मालिकेच्या दुसऱ्या भागाची मुद्रिते तपासत होता, असे तू मोठ्या कौतुकाने लिहिले आहेस. 19 नोव्हेंबर 1828 रोजी तो तुझ्याच त्या व्हिएन्नात गेला, तेव्हा तो अवघा एकतीस वर्षांचा होता. मला त्यात कौतुक करण्यासारखे काही दिसत नाही. आजारी माणसाने पडून राहावे आणि मुद्रिते दुसऱ्या कोणाला तरी तपासू द्यावीत.

पैसे सोमवारी पाठवतो. मेमधला कार्यक्रम पुढे ढकलावा लागला तर ढकल, तिकिटाचे नंतर पाहता येईल. पट्टीचे मी अजून आईला सांगितलेले नाही. डॉक्टरांचा कागद जर्मनमध्ये असला तरी त्याचा फोटो तसाच पाठव, आम्ही इथे कोणाकडून तरी वाचून घेऊ. पांढरी दोनची मला मुळीच घाई नाही, हवे तितके दिवस पांढरी एकमध्येच गा. मात्र ती पट्टी तू निवडलीस की डॉक्टरांनी, एवढे मला स्पष्ट कळव.

तुझा,
बाबा