श्रेय संपकरी महिलांचेही

रविवारच्या पुरवणीतील ‘हम होंगे कामयाब’वरील लेखात मूळ अमेरिकी गीताचे, ‘वुई शॅल ओव्हरकम’चे, सारे श्रेय अमेरिकी लोकगायक पीट सीगर यांना दिले आहे, ते पटले नाही. सीगर यांनी ते दूरवर पोहोचवले, हे खरेच. पण १९४५-४६ मध्ये साउथ कॅरोलिनातील चार्ल्स्टनच्या सिगार कारखान्यात संप झाला. त्यात कृष्णवर्णीय महिला मोठ्या संख्येने होत्या. दिवसभराची निदर्शने आटोपताना त्यांच्यातल्याच ल्युसिल सिमन्स हे गीत म्हणत, अगदी संथ, एकेक शब्द लांबवत. संपकऱ्यांकडून ते टेनेसीतील ‘हायलँडर फोक स्कूल’ या कामगार-प्रशिक्षण संस्थेत संगीत शिकवणाऱ्या झिल्फिया हॉर्टन शिकल्या आणि त्यांच्याकडून सीगर. आपल्याकडे शाळाशाळांत मुले हे गीत म्हणतात. एवढ्या मोठ्या लेखात सिमन्स यांचे नाव एकदाही नसावे, याचे फार वाईट वाटले.

– एक वाचक, सातारा