दिवाळीला येत नाहीये, आधी सगळं वाचा

ती. आई आणि ती. नाना,

सा. न.

हे पत्र भाऊ वाचून दाखवेल. भाऊ, मधल्या ओळी गाळायच्या नाहीत आणि स्वतःच्या पदरचं काही घालायचं नाही.

मोठ्या गोष्टी आधी सांगून टाकते. मला कावीळ झाली होती. आता उतरली आहे. डोळे पांढरे झालेत, भूक लागते, जिना चढले तरी धाप लागत नाही. दुसरं म्हणजे दिवाळीला मी येत नाहीये. ह्यांच्याशी बोलून ठरवलंय, तेव्हा आई, भाऊला लगेच गाडी काढायला लावू नकोस.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू पहिल्याच वाक्याला रडतेस, नाना 'बरं, काळजी घे' म्हणून फोन परत तुझ्या हातात देतात, आणि माझा सगळा वेळ तुला गप्प करण्यात जातो. पत्रात मला कोणी मध्येच तोडत नाही.

आता तू विचारशील, पिंपळगावहून नाशिक तासाभरावर, आणि आम्हाला कळवलं नाहीस? नाही कळवलं. कारणं पुष्कळ आहेत. यंदा पाऊस हटायलाच तयार नव्हता, द्राक्षबागेची छाटणी पुढे गेली, पेस्टिंगला, म्हणजे छाटलेल्या काड्यांच्या डोळ्यांना औषध लावायला, बायका मिळत नव्हत्या, हे सगळं मला भाऊकडून कळत होतं. कोंब फुटायला आणि वेलीवर डाऊनी रोग यायला एकच गाठ पडते. त्या दिवसांत नाना पहाटे फवारणीला जाणार की माझ्या उशाशी बसणार? शिवाय आमच्याकडे लिफ्ट नाही. तुझ्या गुडघ्यांनी तीन मजले चढणं म्हणजे घरात एकाच्या जागी दोन आजारी. आणि सगळ्यात भक्कम कारण असं की हा संसर्गाचा आजार, वय झालेल्या माणसाला जास्त जड जातो, तुम्हाला लागण झाली तर काय करायचं!

हे शेवटचं कारण मी डॉक्टरांनाही ऐकवलं. ते हसले. म्हणाले, 'तुमच्या आईवडिलांना बहुतेक लहानपणीच होऊन गेली असेल, त्यांना कळलंही नसेल.' हिपॅटायटिस ए, म्हणजे मला झालेली कावीळ, तिच्यात म्हणे लहान पोरांना नुसता ताप-जुलाब होऊन जातो, कितीदा तेवढंही होत नाही, आणि मग जन्मभर परत होत नाही. विहिरीचं, ओढ्याचं पाणी पिऊन वाढलेली तुमची पिढी अशीच सुटली. आम्ही फिल्टरचं पाणी पिणारे मोठेपणी सापडतो. माझं भक्कम कारण तिथेच निकालात निघालं. तरीही मी कळवलं नाही. खरं कारण पुढे लिहिते, ते शांतपणे ऐक.

आधी दुखण्याचं. पहिल्यांदा ताप नव्हताच, फक्त थकवा. विहिरीवरची मोटार मध्येच बंद पडावी तशी अंगातली ताकद गेली. मग फोडणीचा वास सहन होईना. ज्या घरात रोज लसूण-मिरची चालते तिथे मी तोंडाला पदर लावून गच्चीत जाऊन बसायचे. मला वाटलं पित्त. सासूबाईंनी दारात उजेडाला उभं केलं, खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाल्या, 'चल.' त्याच संध्याकाळी रक्त दिलं. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला काविळीचा पिवळेपणा, साधारण एकच्या आसपास असावं लागतं, माझं आठच्या वर. यकृताला सूज आली की वाढतं ते एसजीपीटी हजाराच्या पुढे. आकडा ऐकून हे खुर्चीत बसले, मला पाणी द्यायच्या ऐवजी मीच त्यांना दिलं.

कुठून झाली ते कळणार नाही. तू पाणीपुरीला शिव्या देणार हे मला माहीत आहे. पण विषाणू पोटात गेल्यावर आजार दिसायला पंधरा ते पन्नास दिवस लागतात, म्हणजे श्रावणातलं पाणी भाद्रपद-आश्विनात उगवतं. त्या काळात मी पाणीपुरी खाल्ली, शाळेत नळाचं पाणी प्यायले, एका बारशाला बर्फाचं सरबत घेतलं. सिंहस्थासाठी इथे जागोजागी रस्ते खोदलेत, त्यात कुठे पाइप फुटला असेल तर तेही. कोणाला पकडणार?

औषध काही नसतंच या काविळीला. यकृत आपलं आपण सावरतं, फक्त त्याला वेळ द्यायचा. पण हे कोणाला पटत नाही, आणि खरा त्रास तिथेच. बघायला आलेला माणूस आधी माझे डोळे बघायचा, मग नखं, मग म्हणायचा, 'आमच्याकडे एक आहे औषध देणारा.' कोणी देवडांगरीचे थेंब नाकात घालायला सांगितले, कोणी गळ्यात माळ. समोरच्या वहिनी हात धुवून कावीळ उतरवणाऱ्याकडे न्यायला रिक्षा घेऊनच आल्या होत्या. आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावून हात चुन्याच्या निवळीत धुतले तर कावीळ नसलेल्याच्याही हातून पिवळं पाणी निघतं, हे मी सहावीच्या पोरांना शिकवते, पण वहिनींना शिकवणं माझ्या आवाक्याबाहेरचं. उसाचा रस तर दर माणसी एक ग्लास आला. रस्त्यावरचा रस, त्यात कुठल्या पाण्याचा कोण जाणे बर्फ! ज्यामुळे झाली तेच परत प्यायचं.

म्हणून आई, तुझा तो कळवणकडचा माणूसही नको. मामीच्या वेळेला त्याचा गुण आला हे मान्य. मामीची कावीळ त्याच्याशिवायही उतरलीच असती, पण तो वाद नको आता.

रात्री अंगाला खाज सुटायची, तिचं वर्णन करत नाही. हळदीच्या वेळी मी रंग लागत नाही म्हणून रुसले होते ना, ती हौस देवाने उशिरा पुरवली. शाळेतून फोन आला तोही तब्येतीचा नाही, 'पेपर तपासायला घरी पाठवू का?' असा. मी नाही म्हटलं. नाही म्हणून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की परत कोणी काही विचारावं आणि मी नाही म्हणावं अशी वाट बघत पडून राहिले.

हो, या आजारात बरंही पुष्कळ झालं. रागावू नका, पण काही दिवस तर मी मजेत होते. लग्नानंतर हे घर मी दुपारचं कधी बघितलंच नव्हतं. अकरा वाजता ऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर येतं, दोनला देवघरापर्यंत जातं. भंगारवाला आणि कांदे-बटाटेवाला एकाच वेळी येतात आणि एकमेकांच्या आरोळीवर आरोळी चढवतात. छोटूने स्वतःचा डबा भरायला शिकून घेतला. ह्यांना कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात हेही कळलं, इतकी वर्षं येत नव्हत्या. लग्नातलं ब्लाऊज बसतंय, हे तुला खोटं वाटेल. आणि आता जन्मात ही कावीळ मला परत होणार नाही. छोटूला आणि ह्यांना डॉक्टरांनी लगेच लस दिली. लागण झाल्यावरही दोन आठवड्यांच्या आत दिली तर उपयोग होतो म्हणे. सासूबाई म्हणाल्या, 'मला टोचू नका, मी गोदावरीचं पाणी पिऊन मोठी झालेय.'

आता सासूबाई. आई, इथे जरा दम धर.

त्यांनी माझं सगळं केलं. मुगाचं कढण, ज्वारीच्या लाह्या, तुम्ही पाठवलेल्या काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी. तेल-तूप अजिबात बंद करायला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, खाववेल ते खा म्हणाले, फक्त दारू आणि परस्पर गोळ्या नकोत. (दारूचं त्यांनी सगळ्यांनाच सांगायचं असतं.) पण सासूबाईंनी स्वतःचंही फोडणीचं बंद केलं, मला वास नको म्हणून. बाथरूम रोज ब्लीचने धुतलं, माझा कप-ताटली वेगळी ठेवली आणि ते वेगळं ठेवणं मला लागू नये म्हणून आपलीही वेगळी ठेवली. घाबरल्या नाहीत, रडल्या नाहीत. 'पड' म्हणायच्या, की मी पडायचे.

खरं कारण हेच आहे. तू समोर असलीस की मला आजारी राहता येत नाही. तुझा चेहरा उतरतो, तू जेवत नाहीस, आणि मग मी उठून 'बघ, मी बरी आहे' म्हणून चालून दाखवते. टायफॉइडच्या वेळी असंच केलं होतं आणि परत पडले होते, आठवतं ना. या वेळी मला कोणाचीही समजूत न काढता नुसतं पडायचं होतं. तुझी माया जास्त आहे म्हणून हे होतं, कमी आहे म्हणून नाही. सासूबाईंना माझी तेवढी काळजी वाटत नाही, म्हणून त्यांच्याजवळ सोपं गेलं, असंही समज हवं तर.

अजून एक, तुला आवडेल असं. दुपारी झोपायच्या ऐवजी त्या कपाटातल्या साड्या काढून बसतात. घडीवर विरू नयेत म्हणून एकेक उलगडून उलट्या बाजूने घडी घालतात, आणि कुठली कोणाकडून आली ते बोलत राहतात. एका दुपारी तुमची ती येवल्याची जांभळी निघाली. मलमलच्या कापडात गुंडाळलेली, मध्ये कडुनिंबाची वाळकी पानं. मी काही बोलले नाही, त्याही लग्नातलं काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, 'तुझ्या आईची निवड चांगली.' हे तुला मुद्दाम लिहितेय. आणखी त्यावर काही विचारू नकोस.

पडल्या पडल्या आपलं घर फार आठवायचं. नाना, मी तापाने पडले की तुम्ही बाजारातून मोसंबी आणायचात, आणि ती फक्त आजाऱ्याचीच असायची. भाऊ चुलीपाशी कपाळ शेकून यायचा आणि 'मलापण ताप आहे' म्हणायचा. तुम्ही हात लावून बघायचात, तुम्हाला कळायचं, तरी अर्धी त्याला द्यायचात. साल सोलताना तुम्ही एक शब्द बोलायचा नाहीत, पण एकेका फोडीवरचा पांढरा दोरा काढून द्यायचात. ह्यांनी मला मोसंबीचा रस आणून दिला, चांगला होता. पण मला फोड हवी होती.

असो. आता मी सांगते ते करायचं, वाद नाही.

पाणी उकळून प्या. 'आम्हाला होऊन गेली असेल' हे डॉक्टरांचं वाक्य धरून बसू नका, पाण्यातून टायफॉइडही येतो. वरची टाकी पावसाळ्यापासून धुतलेली नाही, भाऊ, हे तुझं काम. मजुरांच्या रांजणालाही झाकण आणि दांड्याचं ओगराळं ठेवा, हात बुडवून पाणी घेऊ देऊ नका. जेवणाआधी साबण, राख नाही. नाना, गुडघ्यासाठी मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या आणणं आजपासून बंद. त्या गोळ्या मूत्रपिंडावर जातात आणि तुमचं बीपी आधीच वर आहे. फवारताना मास्क आणि हातमोजे घालायचे, गळ्यात लटकवायचे नाहीत. आई, तू रात्रीची गोळी चुकवतेस हे मला वहिनीने सांगितलंय. तिला बोल लावू नकोस, मीच खोदून विचारलं.

माझी काळजी करायचं काही उरलेलं नाही. खोलीत खिडकी आहे, ऊन येतं, मच्छरदाणी आहे, दवाखाना खालच्या गल्लीत आहे. अजून महिनाभर जड उचलायचं नाही आणि उन्हात दगदग करायची नाही, एवढंच. म्हणूनच दिवाळी नको. घरात पंचवीस माणसं, तळणीचा वास, आणि मी येऊन अंथरुणावर पडले तर आत्या काय बोलतील ते तुला माहीत आहे. न पडता वावरले तर परत आजारी पडेन. सासूबाईंना एकटं ठेवायला नको म्हणून राहते असं तुम्ही लोकांना सांगितलंत तरी चालेल, पण खरं म्हणजे मला इथे अजून थोडं निवांत राहायचंय.

भाऊबीजेला भाऊने यायचं. छोटूसाठी करंज्या दे, माझ्यासाठी चिवडा नको, सासूबाईंसाठी अनारसे दे, त्यांना जमत नाहीत आणि त्या कबूल करत नाहीत. आणि मणी सेट झाले, फवारण्या जरा कमी झाल्या की तुम्ही दोघं चार दिवस इथे या. जिन्याचं मी बघते. मधल्या मजल्यावरच्या काकूंकडे खुर्ची मागून ठेवलीय, तिथे बसून दम खायचा आणि मग वर यायचं. नानांचे डोळे दाखवायचेत, त्याची वेळ मी घेऊन टाकली आहे, तेव्हा 'बघू' म्हणू नका.

भाऊ, वाचून झालं की पत्र आईच्या हातात दे. मोबाइलवर फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकू नकोस, त्यात आत्या आहेत.

तुमचीच,
ताई