नुसतं 'सायक्लॉप्स' लिहून भागत नाही

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

उन्हाळा आला की हौदातल्या पाण्यात उड्या मारणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांचे फोटो 'पाण्यात अळ्या' म्हणून फिरायला लागतात. त्यातल्या बऱ्याच अळ्या नसतातच ओ, कोळंबी-खेकड्याच्या जातकुळीतले बारके जीव असतात ते, सायक्लॉप्स, डाफ्निया वगैरे, एक-दोन मिलिमीटरचे. सोलापुरात नळाला पाणी येणार चार-पाच दिवसांनी, तोवर हौद-बॅरल भरून ठेवायचे, मग दिसणारच की.

ओळखायला पांढरी बशी आणि दहापट दाखवणारं भिंग पुरतं. पुढं रुंद, मागं निमुळता, झटके देत पळतो, डोक्यावर एकच डोळा आणि मादी असली तर शेपटाच्या दोन्ही बाजूंना अंड्यांची एकेक पिशवी, तो सायक्लॉप्सच्या गटातला. त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा गट डायाप्टोमसचा, त्यातल्या मादीला पिशवी एकच असते, पोटाखाली, आणि मिशा जवळपास अंगाएवढ्या लांब. डाफ्निया, मोइना फांद्या फुटलेल्या मिशांनी वल्हवत टुणटुण वर जातात, अंग इतकं पारदर्शक की पाठीकडं हृदय धडधडताना दिसतं, एकदा बघाच. ऑस्ट्राकॉड दोन शिंपांत पूर्ण बंद असतो, मुगाच्या टरफलासारखा.

आता खरं म्हणणं. तलावांच्या पाण्यावर कॉलेजात प्रोजेक्ट होतात, त्यात बऱ्याचदा 'सायक्लॉप्स एसपी.' (म्हणजे सायक्लॉप्सची कुठलीतरी जात) लिहिलं की विषय संपला! डेन्मार्कच्या म्युलर या शास्त्रज्ञानं १७८५ मध्ये हे नाव दिलं तेव्हा एका नावाखाली बांधलेली मोट मोठी होती, नंतर ती सुटून वेगवेगळी नावं झाली, आपल्या उष्ण भागात सापडतात ते पुष्कळसे मेसोसायक्लॉप्स नाहीतर थर्मोसायक्लॉप्स. जात ठरवायची तर पाचव्या पायाची बारकी जोडी सुईनं सोडवून, ग्लिसरीनमध्ये स्लाइडवर घेऊन तिचे काटे बघावे लागतात. किचकट काम आहे, पण त्याशिवाय नाव लिहिण्यात अर्थ नाही.

एवढा कीस कशाला? नारू आठवा, पिण्याच्या पाण्यातनं अंगात शिरणाऱ्या लांब जंताचा रोग. पायऱ्यांच्या विहिरीतल्या याच गटातल्या जिवांच्या पोटात नारूची पिल्लं वाढायची, पण गटातली प्रत्येक जात नारू वाहायची असं नाही. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, तेव्हा आज घाबरू नका, हौद घासा, पाणी फडक्यानं गाळून घ्या.

आणि तळं आटलं म्हणून हे जीव संपत नाहीत. डाफ्नियाची टिकाऊ अंडी काळपट कवचात गाळात पडून राहतात. नॉर्वेच्या सार्स या प्राणीशास्त्रज्ञानं ऑस्ट्रेलियातनं आलेला वाळका गाळ घरी भिजवून त्यातनं जीव वाढवले आणि १८८५ मध्ये डाफ्निया लुम्होल्त्झी ही नवी जात लिहिली. आपल्याकडं मे महिन्यात कंबर तलावाच्या, हिप्परग्याच्या काठाला असा गाळ हवा तेवढा मिळेल, प्राणीशास्त्राच्या पोरांना तो भिजवायला लावा, निघतील ते जीव स्पिरिटमध्ये जपून ठेवा, आणि बाटलीत तलावाचं नाव अन् तारखेची चिठ्ठी पेन्सिलनं लिहून टाका, पेनाची शाई स्पिरिटमध्ये उतरते.

आपला,
एक वाचक, सोलापूर