इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म: रविवारी याद्या तपासायला बसूया

नमस्कार पालकहो आणि मुलांनो,

कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) पहिल्या फेरीचा फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंतीक्रमाने यादी, तोंडावर आलाय. येत्या रविवारी संध्याकाळी 5 वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये या. ज्याचा फॉर्म त्यानेच यायचं, नुसते आईबाबा नकोत!

सोबत आणा:
– सीईटीचं स्कोअरकार्ड
– गेल्या वर्षीच्या कट-ऑफची प्रिंट (आपल्याच प्रवर्गाचा रकाना बघा)
– पेन्सिलने लिहिलेली कच्ची यादी, चॉइस कोडसकट (कॉलेज आणि शाखेचा ठरलेला क्रमांक)

फॉर्ममध्ये 300 पर्यंत पर्याय चालतात. तरी गेल्या वर्षी आपल्यातल्या एकाने 94 पर्सेंटाइलवर पाचच भरले: पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय वगैरे, सगळीकडे कम्प्युटरच. पहिल्या फेरीत हाती भोपळा. 94 असतील तर 96-98 वाली कॉलेजं वर खुशाल लिहा, पण मधे 93-95 ची भरपूर हवीत आणि तळाला 88-90 ची चार-पाच. खाली सोपं कॉलेज लिहिल्याने वरचं हुकत नाही, ही भीती आधी काढून टाका.

मात्र पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की तो आपोआप फ्रीझ होतो, म्हणजे तीच जागा पक्की, पुढच्या फेऱ्या बंद. त्यामुळे पहिली ओळ शेजाऱ्यांना विचारून भरू नका.

लॉगिनचा पासवर्ड ग्रुपवर टाकू नये. येणाऱ्यांनी शनिवारपर्यंत नाव कळवा.